घरच्या घरी तिखटमिठाचा टार्ट: ठाणे-नवी मुंबईच्या स्वयंपाकघरांसाठी प्रश्नोत्तरं

आपल्याकडच्या हवेत टार्ट बिघडतो तो बहुधा दोन कारणांनी. एक तर पिठातलं बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं, नाहीतर सारणाचं पाणी तळात उतरतं. पीठ गार आणि सारण कोरडं, एवढं सांभाळलं की बाकी सगळं करंजी आणि पिठलं येणाऱ्या माणसाला जमण्यासारखं आहे. खाली वरचेवर विचारले जाणारे प्रश्न घेतले आहेत.

तिखटमिठाचा टार्ट म्हणजे नक्की काय? पाय आणि किशपेक्षा वेगळा कसा?

खुसखुशीत पारी, तिला उभे काठ, आत सारण आणि वरून उघडा, तो टार्ट. वरही पारीचं झाकण आलं की पाय. किश हा टार्टचाच प्रकार, फ्रान्सच्या लोरेन भागातला. त्यात अंडी आणि क्रीम फेटून ओततात आणि ते भाजताना थिजतं. पिझ्झाशी याचा संबंध नाही. यात यीस्ट नसतं आणि पीठ मळून ताणदार करायचं नसतं, उलट ते ताणदार होऊ नये यासाठीच सगळी धडपड.

साहित्य एकदा नीट सांगा.

आठ इंची, म्हणजे २० सेंटिमीटरच्या साच्यासाठी, सहा तुकडे निघतील असं:

पारीसाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड बटर, तीन ते चार मोठे चमचे बर्फाचं पाणी. पिठाच्या निम्मं बटर, हे प्रमाण पाठ करून ठेवा, मग साचा कुठलाही असो. १०० ग्रॅमची बटरची वडी सगळीकडे मिळते, म्हणून प्रमाण त्यावरच बेतलं आहे. थोडं पीठ उरेल, त्याचं काय करायचं ते शेवटी.

सारणासाठी दोन अंडी, १०० मिली दूध, १०० मिली फ्रेश क्रीम, परतून कोरडी केलेली दीड वाटी भाजी, किसलेलं चीज मूठभर, मिरपूड.

पारीत मीठ घालायचं नाही. दुकानातलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं. चीजही खारट असतं, त्यामुळे भाजीत मीठ घालतानाही हात आखडता ठेवा.

वाटीने मोजलं तर चालतं का?

सारण वाटीने मोजा, पारी नको. एकाच घरात तीन मापांच्या वाट्या असतात, आणि मैदा दाबून भरला की वजन सहज बदलतं. साधा वजनकाटा घ्या, तो नानकटाई आणि केकलाही उपयोगी पडतो.

पीठ कसं भिजवायचं?

ज्यांना करंजीचं मोहन घालता येतं त्यांना यातलं निम्मं आधीच येतं. फरक इतकाच की तिथे मोहन कडकडीत घालतो, इथे फ्रीजमधून काढलेलं.

बटरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून मैद्यात टाका. तळहात लावू नका, बोटांच्या टोकांनी चोळा. बोटं तळहातापेक्षा गार असतात. दोन-तीन मिनिटांत मिश्रण जाडसर रव्यासारखं होईल. मधेमधे मटारच्या दाण्याएवढे बटरचे कण राहिले तर राहू द्या, ते मुद्दाम राहू द्यायचे असतात. ओव्हनच्या उष्णतेने त्या कणांतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि तिथे पापुद्रा सुटतो. आता मूठ आवळून पाहा. मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला की मोहन बरोबर पडलं.

मग बर्फाचं पाणी, एकेक चमचा, काट्याने किंवा सुरीने कालवत. पीठ जेमतेम एकत्र येईल इतकंच. पोळीच्या कणकेसारखं मळत बसलात तर मैद्यातला चिकटपणा जागा होतो, पारी चिवट होते आणि भाजताना आकसते. गोळा दिसायला ओबडधोबड, चिरा पडलेला असला तरी चिंता नको. तो चपटा दाबा, झाकून फ्रीजमध्ये निदान अर्धा तास ठेवा. या अर्ध्या तासात पाणी सगळीकडे सारखं मुरतं, बटर पुन्हा घट्ट होतं आणि चिवटपणा सैलावतो.

मे महिन्यात बटर हातातच वितळतं. करायचं तरी काय?

सकाळी लवकर करा. भांडी घासायची बाई येण्याआधी, ओट्यावर ऊन यायच्या आत. मैदा मोजून रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, परातही दहा मिनिटं फ्रीजरमध्ये गेली तर उत्तम. बटर फ्रीजरमध्ये कडक करून किसणीवर थेट मैद्यात किसलं की चोळायचं काम जवळजवळ उरतच नाही. उन्हाळ्यात मला हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो. बटरची वडी कागदासकट धरून किसा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही.

पीठ लाटताना चिकटायला लागलं तर वरून मैदा भुरभुरत राहू नका, त्याने पारी कोरडी पडते. ताट तसंच उचलून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. दुधाची पिशवी कापून, धुऊन-पुसून थालीपिठासाठी ठेवतो ना, तशा दोन पिशव्यांमध्ये धरून लाटलं तर पीठ ना पोळपाटाला चिकटतं ना लाटण्याला.

बटरऐवजी तूप, डालडा किंवा तेल चालेल?

तूप चालतं, पण तितकंच घेऊ नका. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ सगळा स्निग्धांशच. म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप घ्या आणि पाणी एखादा चमचा वाढवा. तूप फ्रीजमध्ये घट्ट गोठवून घ्या, पातळ तूप नको. पारी पापुद्र्याची न होता नानकटाईच्या वळणावर जाते, ठिसूळ आणि रवाळ. बेसनाच्या सारणाला ती फार शोभते. तुपात मीठ नसतं, तेव्हा पाव चमचा मीठ घाला.

घरी विरजण घुसळून काढलेलं लोणीही चालतं, मात्र त्यात ताक राहता कामा नये. गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन घट्ट पिळून घ्या. डालड्याने पारी छान खुटखुटीत होते, पण टाळूला चिकटते, म्हणून मी सुचवत नाही. तेलाची पारी होते, पण तिला खुसखुशीत म्हणणं अवघड आहे.

मैदा नको आहे. कणीक, ज्वारी, नाचणी?

निम्मा मैदा, निम्मी कणीक हा मेळ चांगला जमतो. कोंड्यामुळे कणीक जास्त पाणी पिते, एखाद-दोन चमचे वाढवावे लागतात. नुसत्या कणकेचाही होतो, जरा भरड लागतो, पालेभाजीच्या सारणाबरोबर बरा. ज्वारी आणि नाचणीत गव्हाचा चिकटपणा नसल्यामुळे पारी उचलताना मोडते. एकूण पिठाच्या पाव हिश्श्यापर्यंत घाला, त्यापुढे नको.

टार्टचा साचा घरात नाही. विकत घ्यायलाच हवा का?

पहिल्यांदा करताना मुळीच नको. पारी गोल लाटा, ट्रेवर ठेवा, मध्ये सारण पसरा आणि कडेचे दोन इंच आत दुमडा. फ्रान्समध्ये याला गॅलेट म्हणतात, आणि वेडावाकडा झाला तरी तो तसाच दिसणं अपेक्षित असतं. यात पातळ अंड्याचं मिश्रण ओतू नका, वाहून जाईल. परतलेली भाजी आणि पनीर किंवा चीज एवढंच.

घरातली कड असलेली स्टीलची थाळी किंवा ॲल्युमिनियमचा केकचा डबाही चालतो. छोटे टार्ट स्टीलच्या वाट्यांमध्ये होतात. साचा घ्यायचाच असेल तर सुटा तळ असलेला घ्या, म्हणजे टार्ट खालून ढकलून अख्खा निघतो. केकचं सामान विकणारी दुकानं आता ठाण्यात आणि वाशीतही आहेत, आणि क्रॉफर्ड मार्केटला चक्कर होणार असेल तर तिथे मापांची निवड भरपूर.

काचेचं भांडं फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सारू नका, तडकू शकतं.

ओटीजी (विजेचा छोटा घरगुती ओव्हन) नाही. मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर, कढई?

मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शनची सोय असेल तर ओव्हनसारखाच वापरा: १८० अंशांवर तापवून, खालच्या जाळीवर. फक्त मायक्रो मोडवर पारी भाजली जात नाही, ती उकडल्यासारखी होते. शिवाय त्या मोडवर धातूचा साचा ठेवायचा नसतो.

एअर फ्रायरमध्ये वाट्यांमधले छोटे टार्ट उत्तम होतात. वारा जोरात असतो, त्यामुळे तापमान १६० ते १७० ठेवा आणि आत सुटा कागद ठेवू नका, तो उडून वरच्या कॉइलला लागतो.

कढईत होतो, पण संयम लागतो. जाड बुडाची जुनी कढई, तळाला वाटीभर जाडं मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग मंद करा. नॉनस्टिक कढई घेऊ नका, ती अशी कोरडी तापवायची नसते. कुकरही त्यासाठी झिजवू नये असं माझं मत. कढईत खालून भाजलं जातं, पण वरून रंग येत नाही, त्यामुळे अंड्याचा टार्ट फिका दिसतो. बेसनाचा टार्ट तिथे जास्त साधतो, वरून फोडणी दिली की फिकेपणा झाकला जातो. वेळ ओव्हनपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा.

ओटीजी नवीन घेणार असाल तर स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा मोठा प्लग आहे का ते आधी पाहा. हे ओव्हन साधारण १२०० ते १६०० वॅटचे असतात. जुन्या इमारतींत ओट्यापाशी बऱ्याचदा लहान प्लगच असतो, आणि तिथे मिक्सरच्या जोडीला ओटीजी लावणं योग्य नाही.

सारण भरण्याआधी रिकामी पारी का भाजायची? आणि राजमा कशाला?

कच्च्या पारीवर ओलं सारण ओतलं की तळ भाजला जाण्याआधीच भिजतो. म्हणून आधी रिकामी भाजायची. पारी तीन मिलिमीटर जाड लाटा, साच्यात अलगद बसवा, ताणू नका. काट्याने टोचे मारा आणि पुन्हा पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. आता तिच्यावर बेकिंगचा कागद, कागदावर राजमा किंवा छोले काठापर्यंत. हे वजन नसलं तर तळ टम्म फुगतो आणि काठ घसरतात. १८० अंशांवर पंधरा मिनिटं, मग कागद-राजमा काढून आणखी आठ-दहा मिनिटं, तळ कोरडा आणि फिकट बदामी होईपर्यंत.

तो राजमा नंतर शिजत नाही. बरणीत भरून चिठ्ठी लावून ठेवा, पुढच्या वेळी तोच. चिठ्ठी विसरू नका, नाहीतर कोणीतरी रविवारी भिजत घालेल.

कागद घेताना बेकिंगचाच पाहून घ्या. डबा गुंडाळायला वापरतो तो मेणाचा कागद ओव्हनमध्ये धुरावतो.

अंड्याशिवाय जमेल का? श्रावणात, गुरुवारी, सासूबाईंसाठी?

जमतं, आणि माझ्या मते आपल्या जिभेला तोच जास्त रुचतो. सुरळीच्या वड्यांसाठी करतो ते मिश्रण करा, जरा घट्ट: अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी ताजं दही, एक वाटी पाणी, आलं-मिरचीचं वाटण, हळद, हिंग, मीठ. गुठळ्या मोडून मंद आचेवर सतत हलवत शिजवा. कडा सोडायला लागलं की उतरवा, त्यात कोरडी परतलेली भाजी मिसळा आणि भाजलेल्या पारीत पसरा. १८० अंशांवर वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर मोहरी, तीळ आणि कढीपत्त्याची फोडणी, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. बेसन आधीच शिजलेलं असल्यामुळे तळ भिजायचा धोकाही कमी. कांदा-लसूण नको असेल तर यात दोन्हींची आठवणही येत नाही.

दुसरा मार्ग पनीरचा. २०० ग्रॅम पनीर कुस्करून त्यात अर्धी वाटी दूध, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर आणि चीज. मुलांना हा आवडतो. मला जरा मवाळ वाटतो, हिरवी मिरची सढळ हाताने घाला.

कोणत्या भाज्या चांगल्या?

जिचं पाणी काढता येतं ती कुठलीही. पालक परतून, गार करून, मुठीत घट्ट पिळून घ्या. मशरूम मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत. टोमॅटोच्या बिया काढून टाका. दुधी आणि काकडी माझ्या यादीत नाहीत. कांदा मंद आचेवर निदान वीस मिनिटं परता, तो गोडसर तांबूस झाला की नुसत्या कांद्याचाही टार्ट होतो. शेपू-बटाटा ही जोडी फारशी कोणी करून पाहत नाही, पण बेसनाच्या टार्टमध्ये ती फार चांगली लागते.

पावसाळ्यात तर बाजारातली नेहमीची भाजी सोडाच. पहिल्या पावसानंतर ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यातली फोडशी घ्या, गवताच्या पात्यांसारखी दिसते ती. दोन-तीन पाण्यांतून धुवा, माती बरीच असते. बुंध्याकडचा पांढरा कडक भाग काढा, बारीक चिरून कांदा-लसणावर परता. चीजशी तिचं चांगलं जमतं. कंटोळी पातळ कापून कुरकुरीत परतून वर पसरायला छान. शेवळं मात्र टार्टसाठी नको. ती काकडं (शेवळांसोबत मिळणारी रानफळं) किंवा चिंच घालून नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, आणि ओव्हनवर विसंबून तो धोका घेण्यात अर्थ नाही.

कोलंबीचा टार्ट?

करा, वेगळीच गंमत आहे. दिवाळे कोळीवाड्यातून आणा नाहीतर तुमच्या नेहमीच्या कोळीणमावशींकडून, लहान आकाराचीच घ्या. मोठी कोलंबी कापताना तुकड्यातून निसटते. साफ करून, हळद-मीठ लावून लसणावर दोनच मिनिटं परता, ओव्हनमध्ये ती पुन्हा शिजणार आहे. सुटलेलं पाणी फेकू नका, वेगळं काढून चमचाभर होईपर्यंत आटवा आणि अंड्याच्या मिश्रणात घाला. सगळी चव तिथे असते. याच्यात चीज नको, मिरपूड आणि थोडी कोथिंबीर पुरे.

सगळं करूनही तळ ओला राहतो.

पुढच्या गोष्टी एकेक तपासा. सारण गरम असताना भरलं का? गार करूनच भरा. साचा ओव्हनच्या वरच्या खाचेत होता का? खालच्या खाचेत ठेवा, खालची आणि वरची दोन्ही कॉइल चालू. पारीत बारीक भेग होती का? कच्च्या पिठाचा तुकडा बोटाने चेपून बुजवा. एवढं करूनही शंका असेल तर भाजलेल्या पारीवर सारणाआधी चमचाभर भाजलेला रवा भुरभुरा, तो ओल शोषून घेतो. अंडं चालत असेल तर गरम पारीवर अंड्याचा पांढरा बलक ब्रशने लावून दोन मिनिटं परत भाजा, पातळ थर बसतो.

पावसाळ्यात भाजून ठेवलेली रिकामी पारी तासाभरातही सादळते. ती गार झाली की लगेच हवाबंद डब्यात घाला.

पारी आकसून साच्यापेक्षा लहान झाली.

पीठ जास्त मळलं गेलं, किंवा फ्रीजमधली विश्रांती चुकवली, किंवा साच्यात बसवताना ताणलं. तिन्हींचा उपाय नावातच आहे. सावधगिरी म्हणून काठ साच्यापेक्षा जरा वर ठेवा.

झाला हे कसं ओळखायचं?

अंड्याचा टार्ट १७० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटं घेतो. साचा हलकेच हलवा. कडा थिजलेल्या आणि मधला रुपयाएवढा भाग किंचित थरथरता, इतक्यावर काढा, उरलेलं बाहेर थिजतं. फुगून तडे गेले तर जास्त झाला, आत पाणी सुटलेलं दिसेल. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत फरक असतो, तेव्हा पंचविसाव्या मिनिटापासून नजर ठेवा. अर्ध्यात साचा फिरवा. कापायच्या आधी वीस मिनिटं थांबा, कितीही वास सुटला तरी.

भाजताना मध्येच वीज गेली तर?

दार उघडू नका. बंद ओव्हन बराच वेळ गरम राहतो. नुसती पारी भाजत असाल तर काही बिघडत नाही, वीज आल्यावर पुढे भाजा. अंड्याचं मिश्रण ओतून नुकताच आत ठेवला असेल आणि अर्ध्या तासात वीज येण्याचं चिन्ह नसेल तर काढून, निववून फ्रीजमध्ये ठेवा. भाजला की लगेच खा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

ऑफिसच्या डब्यात नेता येतो? किती टिकतो?

बेसनाचा खुशाल न्या. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली किंवा तुर्भ्याला गेलात तरी गारही तितकाच चांगला लागतो. दह्याचं सारण आहे, तेव्हा ऑफिसला पोचल्यावर फ्रीज असेल तर तिथे ठेवलेला बरा. अंड्याचा आणि कोलंबीचा उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, म्हणजे डब्यासाठी तो बादच. फ्रीजमध्ये अंड्याचा तीन दिवस, कोलंबीचा दुसऱ्या दिवशीच संपवा. पुन्हा गरम करताना ओटीजी किंवा एअर फ्रायर, १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं. मायक्रोवेव्हने पारी लिबलिबीत होते.

भिशीला पंधरा जणी येणार आहेत. आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल?

वाट्यांमधले छोटे टार्ट करा, कापाकापी नको आणि ताटल्याही कमी लागतात. दिलेल्या प्रमाणाच्या पिठात लहान वाट्यांचे आठ-नऊ होतात, म्हणजे दुप्पट प्रमाण घ्या. पाऱ्या आदल्या दिवशी भाजून हवाबंद डब्यात, सारण वेगळं फ्रीजमध्ये. पाहुण्या यायच्या तासभर आधी भरा आणि भाजा. भरून रात्रभर ठेवायचा मोह होईल, पण तसं केलंत तर पारीवर घेतलेली मेहनत सकाळपर्यंत भिजून जाईल. कच्चं पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस आणि फ्रीजरमध्ये महिनाभर चांगलं राहतं. फ्रीजरमधलं आदल्या रात्री खाली काढून ठेवा.

उरलेल्या पिठाचं काय?

ओवा, तिखट आणि किसलेलं चीज टाकून पुन्हा लाटा, शंकरपाळ्यांसारखे तुकडे पाडा आणि ओव्हन गरम आहे तोवर १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं भाजून घ्या. चहाबरोबर टार्टच्या आधी हेच संपतात.